पोटठेकेदारांची कोटेशनं एका मापात कशी आणायची: बाहेरच्या प्लास्टरचं उदाहरण घेऊन

तीन कोटेशनं टेबलावर येतात. एकात ४२ रुपये चौरस फूट, दुसऱ्यात ५४, तिसऱ्यात ४८. ऑफिसात कुणीतरी ४२ वर बोट ठेवतं आणि काम देऊन मोकळं होतं. फायनल बिलाच्या वेळी कळतं की खिडक्या वजा केलेल्याच नाहीत, कडांचे (दार-खिडकीच्या आतल्या बाजूंचे) पैसे वेगळे लावलेत, आणि परांचीचं भाडं आपणच भरत होतो. हे तिन्ही रेट वेगवेगळ्या कामांचे होते, आपण मात्र ते एकाच कामाचे समजून चाललो होतो.

हा लेख छोट्या-मध्यम बिल्डरांसाठी, मुख्य ठेकेदारांसाठी आणि त्यांच्याकडच्या बिलिंग इंजिनिअरांसाठी आहे. उदाहरण एकच घेतलंय: पार्किंग अधिक सात मजल्यांची इमारत, बाहेरचं दोन थरांचं सँडफेस (वाळूच्या खरखरीत पोताचं) प्लास्टर, सिमेंट-वाळू कंपनीची, मजुरी पोटठेकेदाराची. रेट आणि मापं हिशोब समजावा म्हणून घेतली आहेत, बाजारभाव म्हणून वापरू नका. पद्धत मात्र वीटकामाला, टाइल्सला, प्लंबिंगलाही जशीच्या तशी लागू पडते.

## १. कोटेशन मागवण्याआधी आपली क्वांटिटी काढा

हा टप्पा सगळ्यात जास्त टाळला जातो. "ठेकेदार येऊन बघेल आणि सांगेल" असं म्हणून काम सुरू होतं आणि मग प्रत्येक जण आपापल्या मापाने रेट देतो.

ड्रॉइंगवरून स्वतः माप काढा. चारही बाजूंच्या भिंती, डक्ट (पाइपांसाठी ठेवलेली उभी अरुंद मोकळी जागा), पॅरापेटच्या दोन्ही बाजू, छज्जे, लिफ्टची मशीनरूम, जिन्यावरची हेडरूम. डक्ट वेगळं दाखवा. तिथे परांची अडचणीची असते, काम हळू होतं, आणि जो ठेकेदार ते न बघता रेट देतो तो नंतर हमखास जादा मागतो.

मग मोजणीचा नियम ठरवा. भारतीय मानक आयएस १२०० च्या भाग १२ मध्ये प्लास्टरच्या मोजणीचे नियम आहेत. ढोबळमानाने: ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या उघड्या जागेची वजावट नाही, आणि तिच्या कडांचे वेगळे पैसेही नाहीत. ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत दोन बाजूंपैकी एकाच बाजूची वजावट, आणि कडा त्यातच धरायच्या. ३ चौरस मीटरच्या वर दोन्ही बाजूंनी वजावट, आणि कडा वेगळ्या मोजायच्या. आपल्याकडच्या लेबर ठेक्यांमध्ये हा नियम क्वचितच जसाच्या तसा पाळतात. बरेच मुकादम "दार-खिडकी सरसकट धरून" मोजतात आणि वर कडा रनिंग फुटाने (म्हणजे लांबीच्या फुटाने) लावतात. तेही चालेल, पण सगळ्यांना एकच नियम हवा आणि तो कागदावर हवा. आतलं आणि बाहेरचं प्लास्टर वेगवेगळ्या माणसांकडे असेल तर कुठल्या बाजूने वजावट करायची यावर वाद ठरलेला. त्यामुळे एका खिडकीचं छोटं रेखाचित्र काढून "हे मोजणार, हे नाही" असं दाखवणं सगळ्यात उत्तम.

आपल्या उदाहरणात नियम असा: ०.५ चौरस मीटरच्या वरच्या सगळ्या उघड्या जागा वजा, कडा रेटमध्येच. या नियमाने माप निघतं ३०,००० चौरस फूट. काहीच वजा न करता मोजलं तर ३४,०००. कडांची लांबी ४,५०० रनिंग फूट.

तपासा: तुमचं माप दुसऱ्या माणसाने निदान एका बाजूपुरतं पुन्हा काढून पाहिलंय का? इथे पाच टक्क्यांची चूक असेल तर पुढच्या तुलनेला काही अर्थ उरत नाही.

## २. कोणी काय करायचं, याचा एक कागद

ठेकेदाराचा रेट कशाने वर-खाली होतो, तर बहुतेक वेळा या कागदावरच्या गोष्टींनी. याला पुढे हद्दीचा कागद म्हटलंय. प्रत्येकीसमोर "ठेकेदार" किंवा "कंपनी" एवढंच लिहायचं, मोकळी जागा ठेवायची नाही.

बाहेरच्या प्लास्टरसाठी माझ्या यादीत या गोष्टी असतात: परांची बांधणं, हलवणं, उतरवणं आणि तिचं भाडं. आरसीसीवर टाचे मारणं, म्हणजे प्लास्टर धरावं म्हणून काँक्रीटला खाचा पाडणं. वीटकाम आणि काँक्रीटच्या सांध्यावर जाळी लावणं. वाळू चाळणं. माल वर चढवणं, म्हणजे लिफ्ट कोणाची आणि ती चालवणारा कोणाचा. ग्रूव्ह (प्लास्टरमधली खाच) आणि ड्रिप मोल्ड (छज्जाखाली पाणी गळून पडावं म्हणून केलेली कड). पाणी मारणं. खाली पडलेला माल आणि राडारोडा उचलणं. परांचीची भोकं बुजवणं. प्लंबरने किंवा इलेक्ट्रिशियनने नंतर फोडलेलं दुरुस्त करणं. मजुरांच्या खोल्या, पाणी, वीज. सेफ्टी बेल्ट आणि जाळं.

यातली परांचीची भोकं आणि पाणी मारणं ही दोन कामं वर्क ऑर्डरमध्ये नसली की कुणाचीच नसतात. भोकं शेवटी कुणीतरी घाईत सिमेंटने बुजवतो आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी आत येतं. पाणी मारायला माणूस नसेल तर उन्हाच्या बाजूला बारीक चिरांचं जाळं दिसायला लागतं, आणि मग चूक मालाची की गवंड्याची यावर भांडण.

मालाचा वापरही इथेच लिहा. सिमेंट आपलं असताना जाड थर चढवणारा स्वस्त ठेकेदार आपल्याच पैशाने महाग पडतो. १२ मिलिमीटर जाडीच्या १:४ प्लास्टरला १०० चौरस फुटांमागे, नासधूस धरून, साधारण एक गोणी सिमेंट लागतं. २० मिलिमीटरच्या दोन थरांचा हिशोब त्याच धर्तीवर काढा आणि मर्यादा घाला: त्यापेक्षा किती टक्के जास्त चालेल, आणि त्यापुढचं कोणाच्या खिशातून. मात्र वीटकामच ओळंब्यात नसेल तर प्लास्टर जाड होणारच. तो दोष प्लास्टरवाल्याच्या माथी मारणं अन्याय आहे. काम देण्याआधी दोघांनी मिळून ओळंबा लावून भिंती बघाव्यात आणि तशी नोंद ठेवावी.

## ३. सगळ्यांना एकच फॉर्म, एकच तारीख

आता तीन ते पाच ठेकेदारांना कोटेशन मागवा. त्यापेक्षा जास्त बोलावलं की कुणी मनापासून आकडे काढत नाही. ज्याला काम द्यायचंच नाही त्याला केवळ कागद भरण्यासाठी बोलावू नका. त्याचाही एक दिवस साइट बघण्यात जातो.

प्रत्येकाला तेच ड्रॉइंग, तेच क्वांटिटी शीट, तोच हद्दीचा कागद, तोच रेट भरायचा तक्ता द्या. तक्त्यात मुख्य रेटशिवाय डक्टचा रेट, जादा जाडीचा रेट, रोजंदारीचा रेट असे रकाने आधीच ठेवा. एक्स्ट्रा आयटमचा रेट स्पर्धा असताना मिळतो, काम मिळाल्यावर नाही.

साइट दाखवा, शक्य झालं तर सगळ्यांना एकाच दिवशी. कुणी विचारलं की "टेरेसच्या टाकीचं प्लास्टर धरायचं का?", तर उत्तर सगळ्यांना एकाच मेसेजने पाठवा. एकाला सांगितलं आणि दुसऱ्याला नाही, तर तुलना तिथेच बिघडली.

कामाचा काळही लिहा. बाहेरचं प्लास्टर जून ते सप्टेंबरमध्ये अडकणार असेल तर तो खंड कोणाच्या खर्चाने, परांचीचं चार महिन्यांचं भाडं कोण देणार, हे आत्ताच विचारा. आणि रेट किती दिवस कायम राहील तेही.

इशारा: निवडीचे निकष कोटेशनं उघडण्याआधी लिहून ठेवा. किंमतीला किती वजन, माणसांना किती, आधीच्या कामाला किती. आकडे दिसल्यावर ठरवलेले निकष आवडत्या माणसाकडेच झुकतात, आणि हे प्रामाणिक माणसांकडूनही होतं.

## ४. उघडताना दोघांनी उघडा

ठरलेल्या दिवसापर्यंत कोणाचंही कोटेशन वाचू नका. फोनवर रेट घेऊ नका. उघडताना खरेदीचा एक आणि साइटचा एक असे दोघं असावेत. प्रत्येक पानावर सही आणि तारीख करा. उशिरा आलेलं कोटेशन घ्यायचं असेल तर बाकीच्यांनाही तेवढाच वेळ द्या, नाहीतर घेऊ नका.

लगेच तीन गोष्टी बघायच्या. गुणाकार-बेरीज बरोबर आहे का. एकक तेच आहे का, कारण कुणी चौरस मीटरने भरतं, कुणी ब्राससाठी, म्हणजे शंभर चौरस फुटांसाठी (एक चौरस मीटर म्हणजे १०.७६ चौरस फूट). आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात अटी काय आहेत. "पाचव्या मजल्यानंतर प्रति मजला जादा", "लाइट-पाणी कंपनीचं", "मोजणी दार-खिडकी धरून", "दर आठवड्याला खर्ची" (मजुरांच्या खर्चासाठी आगाऊ रक्कम) अशा अटींमध्येच खरा रेट दडलेला असतो.

रेट आणि रक्कम जुळत नसेल तर कोणती खरी मानायची हे फॉर्मवरच छापलेलं असावं. सर्वसाधारण रिवाज रेट खरा मानण्याचा आहे.

## ५. सगळी कोटेशनं एका पातळीवर आणा

इथे घाई करू नका. प्रत्येक कोटेशनमध्ये जे नाही ते शोधायचं, त्याची किंमत लावायची आणि त्यात मिळवायची. किंमत शक्यतो त्याच ठेकेदाराला लेखी विचारून घ्या. तो देत नसेल तर बाकीच्यांच्या तक्त्यातली किंवा आपल्या मागच्या साइटची धरा, आणि कुठून धरली ते शेजारी लिहा.

ठेकेदार अ. रेट ४२. अटी: मोजणी सरसकट, कडा २० रुपये रनिंग फूट, परांची आणि पाणी कंपनीचं.
३४,००० × ४२ = १४,२८,०००
कडा ४,५०० × २० = ९०,०००
परांची, ३०,००० फुटांवर ६ रुपयांनी = १,८०,०००
पाणी मारायला एक माणूस, ६० दिवस, ८०० रुपये रोज = ४८,०००
एकूण १७,४६,०००. आपल्या मापाने फुटाला ५८.२० रुपये.

ठेकेदार ब. रेट ५४. आपला फॉर्म जसाच्या तसा भरला, सगळं त्यातच, अट नाही.
३०,००० × ५४ = १६,२०,०००. फुटाला ५४ रुपये.

ठेकेदार क. रेट ४८, परांची आणि कडा धरून, मोजणी आपल्या नियमाने. पण जाळी, टाचे, पाणी, राडारोडा वगळलेले, आणि दहा टक्के उचल हवी.
३०,००० × ४८ = १४,४०,०००
जाळी ६,००० रनिंग फूट × ८ = ४८,०००
टाचे ९,००० चौरस फूट × ४ = ३६,०००
पाणी = ४८,०००
राडारोडा = २०,०००
उचलीचं व्याज = २,८८०
एकूण १५,९४,८८०. फुटाला ५३.१६ रुपये.

उचलीचं व्याज असं काढलं: १,४४,००० रुपये चार महिन्यांत समान कापून घेतले तर सरासरी ७२,००० अडकून राहतात. त्यावर बारा टक्क्यांनी चार महिन्यांचे २,८८०. रक्कम किरकोळ आहे. उचलीचा खरा धोका माणूस गावी जाऊन न परतण्याचा असतो. तो व्याजाच्या हिशोबात दिसत नाही, त्यासाठी चेक किंवा हमी घ्यावी लागते.

आता चित्र बघा. सगळ्यात स्वस्त दिसणारा अ सगळ्यात महाग निघाला. ब आणि क मध्ये फरक २५,१२० रुपयांचा, म्हणजे दीड टक्क्याच्या आसपास. आपल्या स्वतःच्या मोजणीत यापेक्षा जास्त चूक असू शकते. म्हणून मी दोन-तीन टक्क्यांच्या आतली कोटेशनं सारखीच मानतो आणि निर्णय पुढच्या टप्प्यांवर सोडतो.

तपासा: परांचीचे ६ रुपये बदलून ४ केले, पाण्याचे ६० दिवस बदलून ९० केले, तर क्रम बदलतो का? अ साठी करून बघा: परांची ४ रुपयांनी धरली तरी तो १६,८६,००० वर, म्हणजे तिसराच. असा क्रम टिकला तर विश्वास ठेवा. एका अंदाजाने उलटत असेल तर आधी तो आकडा पक्का करा.

## ६. जीएसटी आत की बाहेर

इथे दोन वेगळ्या लोकांसाठी दोन वेगळी उत्तरं आहेत.

तुम्ही मुख्य ठेकेदार असाल आणि मालकाला १८ टक्क्यांनी बिल लावत असाल, तर पोटठेकेदाराच्या जीएसटीचं क्रेडिट तुम्हाला मिळतं. तुलना जीएसटी वगळून करा. फक्त तो रिटर्न वेळेवर भरतो का ते बघा, कारण त्याचं बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये (पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात) दिसलं नाही तर क्रेडिट अडकतं.

तुम्ही निवासी प्रकल्पाचे बिल्डर असाल आणि एप्रिल २०१९ पासूनच्या १ किंवा ५ टक्क्यांच्या दराने कर भरत असाल, तर क्रेडिट मिळत नाही. मग ब चे १८ टक्के, म्हणजे २,९१,६०० रुपये, हा तुमचा थेट खर्च आहे. क नोंदणीकृत नसेल तर तो अचानक बराच स्वस्त वाटू लागतो. इथे दोनदा विचार करा. या योजनेत वर्षाच्या खरेदीतला ८० टक्के माल आणि सेवा नोंदणीकृत लोकांकडून घ्याव्या लागतात, आणि कमी पडलेल्या भागावर तुम्हालाच १८ टक्के भरावे लागतात. शिवाय महाराष्ट्रात सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल. साडेचौदा लाखांचं तुमचं एक काम आणि शेजारच्या साइटवर दुसरं, एवढ्यात तो मर्यादा ओलांडतो आणि काम अर्ध्यावर असताना "आता जीएसटी लागेल" म्हणून येतो. त्याची बाकीची कामं विचारा आणि मध्येच कर लागला तर तो कोणाचा, हे वर्क ऑर्डरमध्ये लिहा.

टीडीएस तुलनेत धरू नका. ती त्याच्या करातली आगाऊ कपात आहे, तुमचा खर्च वाढत नाही.

## ७. रेट त्याला परवडतो का?

खूप कमी रेट बघून खूश होणाऱ्यांना मी नेहमी हा हिशोब करायला सांगतो. आपल्या मागच्या साइटच्या मेजरमेंट बुकमधून एका टोळीचं रोजचं काम काढा. समजा दोन गवंडी आणि तीन बिगारी मिळून रोज १२० चौरस फूट दोन थरांचं पूर्ण काम देतात. गवंड्याचा रोज ११००, बिगाऱ्याचा ८०० धरला तर टोळीचे ४,६०० रुपये, म्हणजे फुटाला ३८.३३. परांचीचे ६ मिळवले की ४४.३३.

क च्या ४८ मध्ये उरले ३.६७ रुपये. त्यात मुकादमाचा पगार, अवजारं, पीएफ-ईएसआयसी, अपघात विमा, मजुरांची ने-आण आणि नफा. ब कडे ९.६७ उरतात, पण त्याने जाळी, टाचे, पाणी, राडारोडा हे सगळंही त्यातच धरलंय. ती कामं आपल्याला साधारण ५ रुपये फुटाला पडतात असं वर निघालंच. म्हणजे ब सुद्धा फार ऐसपैस नाही.

हा हिशोब कुणाला बाद करायला वापरू नका, प्रश्न विचारायला वापरा. क कडे परांचीचं सामान स्वतःचं असेल, किंवा त्याची टोळी खरंच वेगवान असेल, तर रेट परवडतो. तसं नसेल तर तो कुठे वाचवणार हे उघड आहे: पातळ थर, कमी टाचे, विमा नाही. पीएफ आणि अपघाताच्या बाबतीत मुख्य मालक म्हणून जबाबदारी शेवटी तुमच्यावर येते, तेव्हा विम्याची पॉलिसी आणि पीएफची चलनं कोटेशनसोबतच मागा.

## ८. माणसं आणि आधीचं काम

त्याने सांगितलेल्या दोन साइट स्वतः जाऊन बघा. चालू साइट एक, आणि किमान एक पावसाळा काढलेली एक. चालू साइटवर टोळ्या मोजा आणि मुकादमाला विचारा की तो कोणासाठी काम करतो. अनेकदा कळतं की कोटेशन देणारा पुढे आणखी एकाला काम देतो. जुन्या इमारतीत खिडकीच्या कोपऱ्यातल्या तिरक्या चिरा आणि वीटकाम-बीमच्या सांध्यावरची आडवी चीर बघा, आणि लाकडी दांडक्याने ठोकून पोकळ आवाज येतो का ऐका.

टोळ्यांची संख्या लेखी घ्या, आणि दिवाळी, छठ, होळी, शेतीचा हंगाम यात किती माणसं राहतील तेही. हमीची मुदत विचारताना लक्षात ठेवा: रेरा कायदा, २०१६ च्या कलम १४(३) नुसार ताबा दिल्यापासून पाच वर्षं बांधकामाच्या दोषांची जबाबदारी बिल्डरची. ठेकेदार एक वर्षाची हमी देत असेल तर उरलेल्या चार वर्षांचा भार तुमचा. दोघांचे रेट सारखे असताना तीन वर्षांची हमी आणि पाच टक्के रिटेन्शन (बिलातून राखून ठेवायची रक्कम) मान्य करणारा पुढे.

## ९. बोलणी: एकाचा रेट दुसऱ्याच्या कानावर नको

"तो ४८ ला करतोय, तू किती कमी करतोस?" हे वाक्य बाजारात रोज ऐकू येतं आणि सगळ्यात जास्त नुकसान तेच करतं. पुढच्या वेळी कुणी खरा रेट देत नाही, सगळे चार रुपये वर ठेवून येतात. सरकारी कामांसाठी केंद्रीय दक्षता आयोगाचीही भूमिका हीच आहे की निविदेनंतरच्या वाटाघाटी अपवादानेच व्हाव्यात, आणि त्याही सर्वांत कमी दरवाल्याशीच.

रेट कमी करून घ्यायचे असतील तर एक सरळ मार्ग आहे: वगळलेली कामं सगळ्यांना सारखी दाखवा आणि बंद पाकिटात एकच सुधारित कोटेशन एकाच तारखेला मागा. किंवा आधी क्रम लावा आणि पहिल्याशीच बोला. त्यातही फक्त रेटवर हटून बसू नका. दर पंधरा दिवसांनी नक्की बिल देणार असाल, परांचीसाठी खालची जागा मोकळी करून देणार असाल, तर ठेकेदार आपणहून दोन रुपये खाली येतो, कारण त्याचा खर्चच तेवढा कमी होतो.

## १०. टिपण आणि वर्क ऑर्डर

निर्णयाचं एक पानी टिपण करा: एका पातळीवर आणलेले तिघांचे आकडे, धरलेले अंदाज, साइटभेटीची नोंद, निवडीचं कारण, दोघांच्या सह्या. दोन-अडीच टक्के महाग माणूस निवडला असेल तर कारण चार शब्दांत नको, चार ओळींत लिहा.

वर्क ऑर्डरला मोजणीचा नियम, खिडकीचं रेखाचित्र, हद्दीचा कागद, एक्स्ट्रा आयटमचे रेट, सिमेंटची मर्यादा, उचलीची कपात आणि जीएसटीची अट जोडा. ठेकेदाराचं मूळ कोटेशन जोडू नका. त्याच्या मागच्या पानावरच्या अटी तशाच जिवंत राहतात आणि बिलाच्या वेळी तेच पान पुढे येतं.

ज्यांना काम मिळालं नाही त्यांना त्याच आठवड्यात कळवा. रेट सांगायची गरज नाही, पण "तुमच्या कोटेशनमध्ये परांची आणि पाणी नव्हतं, म्हणून एकूण जास्त झालं" एवढं अ ला नक्की सांगा. आणि पहिला शंभर-दोनशे फुटांचा नमुना मंजूर होईपर्यंत ब आणि क पैकी दुसऱ्याचं कोटेशन बाजूला काढू नका. त्याची मुदत निदान तेवढे दिवस वाढवून घ्या.